बटणांची बाजू

चौदा नंबरची बस माझ्यासमोर येऊन थांबली आणि तिच्या अंगावर डॅडी उकिडवे बसले होते. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, एवढे मोठे की मी जवळ गेले असते तर त्यांच्या गुडघ्याशी माझं डोकं आलं असतं. अर्धं आयुष्य या माणसाला बसच्या मागच्या बाकांवर बसवलं, आता बसच्या बाहेर बसवलंय, असं मनात आलं आणि मी हसलेही असेन, कारण दार उघडून वाट पाहणारी ड्रायव्हर बाई म्हणाली, “चढताय का मॅम, की नुसत्याच खूश होताय?” डॅडींच्या पायाखाली मोठ्या अक्षरांत होतं, एझेल मॅब्री, आपल्या शहराचा पहिला. त्याखाली शनिवारची तारीख, सकाळी अकरा, बेसबॉलच्या मैदानाच्या दारात पुतळ्याचं अनावरण. हे सगळं मला ठाऊक होतं. पुतळ्यावरचं कापड मीच ओढणार होते. फोटोसुद्धा मीच दिलेला, ममा गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात सापडलेला. तरी मी चढले नाही. अस्तर उलटं लागलेला कोट अंगात घातला की बाहेरून काही दिसत नाही, पण खांद्याला कळतं. तसं माझ्या खांद्याला काहीतरी कळलं होतं आणि ते डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. मग मला बटणं दिसली. गळ्यापासून खाली तीन बटणं, आणि ती बायकांच्या बाजूला. पुरुषाच्या सदऱ्याची बटणं उजव्या अंगाला असतात आणि बाईच्या सदऱ्याची डाव्या, हे मला कुणी शिकवलेलं नाही. सत्तावीस वर्षं लोकांची तुटलेली बटणं लावून बोटांना आलेलं शहाणपण आहे. बटणांवरून नजर हातांकडे गेली. चेंडू झेलायचा ग्लोव्ह डाव्या हातात आणि फेकायचा हात मोकळा. उजवा हात पाठीमागे. बस हलली आणि डॅडींना घेऊन गेली. मी थांब्यावर उभी, हातात लोकांचे दोन कोट, आणि मोठ्यानं म्हणाले, “अहो, पण उलटे!” शेजारची म्हातारी म्हणाली, “नाही गं पोरी, कारखान्याकडे तीच जाते.”

चालत माझ्या शिवणाच्या दुकानात आले तर चर्चचे कारभारी, डीकन वीम्स दारातच. शनिवारी घालायच्या पँटची लांबी कमी करून हवी होती त्यांना. आमच्या चर्चमध्ये सगळ्या बायका सिस्टर असतात आणि प्रत्येक समितीचे अध्यक्ष डीकनच असतात. तळलेल्या माशाच्या जेवणाचेही तेच, पुतळ्याचेही तेच. माणूस सोन्यासारखा. ममाच्या आजारपणात रोज संध्याकाळी दारात भाजीचं भांडं ठेवून, घंटा न वाजवता निघून जायचे. अशा माणसावर ओरडता येत नाही हीच तर पंचाईत. मी त्यांच्या पायाशी बसले, तोंडात टाचण्या धरल्या, आणि म्हणाले, “डीकन, फोटो उलटा छापलाय.” “होता,” ते म्हणाले. “उलटा होता, सिस्टर व्हर्निटा. मी सरळ करून घेतला.” आणि एवढ्या अभिमानानं खाली पाहिलं की पँटची मोहरी हलली. “तुझ्या डब्यातला फोटोच मुळात उलटा निघालेला. त्या काळी फोटोवाले निगेटिव्हची काच कशीही घालायचे. शिल्पकार पोरगी शिकागोची, तिला काय कळतंय बेसबॉलमधलं? ती तसाच घडवत होती, डाव्या हाताचा कॅचर! मी म्हटलं, बाई, थांब. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा डावखुरा तू पाहिलायस कधी? मी पंचावन्न वर्षं सामने बघतोय. डावखुरा कॅचर म्हणजे दाढीवाली नवरी. लांबून लांबून बेसबॉलवाले येणार आहेत, हसतील ना आपल्याला! म्हणतील, यांचा पहिला माणूस, आणि यांना तो कुठल्या हातानं फेकायचा तेही माहीत नाही.” मी टाचण्यांमधून म्हणाले, “ते डाव्यानंच फेकायचे.” ते “अफ्यानंफ” असं काहीतरी झालं. “काय म्हणालीस?” मी टाचण्या हातात थुंकल्या. “डाव्यानं. लिहायचे उजव्यानं, जेवायचे उजव्यानं, बॅट उजव्या बाजूनं. शाळेत बाईंनी डाव्या बोटांवर पट्ट्या मारमारून सगळं उजवं केलं होतं त्यांचं. फक्त फेकणं राहिलं. फेकायला शाळेत कोण शिकवतंय?” डीकन मोठ्या मायेनं हसले. त्यांचं हे मायेचं हसू म्हणजे समोरच्याच्या बोलण्यावर घातलेलं गोधडीचं पांघरूण. “सिस्टर, या गावात आल्यापासून चाळीस वर्षं चर्चच्या जेवणात तुझ्या डॅडींच्या शेजारी बसलो मी. कोंबडीचं हाड उजव्या हातात असायचं. आणि गोऱ्यांच्या संघाच्या जुन्या वहीत लिहिलंय, बॅट उजवी, फेक उजवी. तू तेव्हा केवढी होतीस? तीन वर्षांची?” तीनच. मी परत टाचण्या तोंडात घातल्या, कारण दुसऱ्या पायाची लांबी राहिली होती.

त्या वहीबद्दल जे बोलायचं होतं ते डीकन गेल्यावर शिलाई मशीनशी बोलले. वहीत फेक उजवी लिहिली, पण फेकताना त्यांना पाहिलं कुणी? त्रेपन्न साली गोऱ्यांच्या संघानं पहिला काळा खेळाडू म्हणून डॅडींना घेतलं तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते आणि आमच्या वस्तीच्या संघाचे, फाउंड्री स्टार्सचे, बारा वर्षं कॅचर होते. वस्तीत कुणी त्यांना विचारलं नव्हतं की कॅचर डावखुरा कसा. दुसऱ्या बेसच्या खुणेकडे पळणारा माणूस ते बसल्या बसल्या चेंडू फेकून टिपायचे, मग हात कुठला याच्याशी कुणाला काय देणंघेणं? तिकडच्या मॅनेजरनं पहिल्याच सकाळी त्यांच्या हातातला ग्लोव्ह पाहिला आणि म्हणाला, हे आमच्यात नसतं. दुसऱ्या कुठल्या जागी उभं करावं, तर त्या जागांवर आधीच कुणीकुणी होते आणि त्यांच्या आया-बायका समोर बसलेल्या. म्हणून डॅडींना बाकावर ठेवलं. कधीतरी अडचणीच्या वेळी उठवायचे, एकदा बॅट फिरवायला लावायचे, परत बाकावर. अख्ख्या हंगामात एकेचाळीस वेळा. एकेचाळीस वेळा ते उजव्या बाजूनं उभे राहिले, त्यातले तेरा चेंडू त्यांनी नीट मारले, आणि एकदाही, एका चेंडूसाठीसुद्धा, हातात ग्लोव्ह घालून त्या मैदानावर उतरले नाहीत. आपल्या शहराचा पहिला. वहीवाल्यानं बॅटीपुढे उजवी लिहिलं आणि फेकीच्या रकान्यात काहीतरी भरायचं म्हणून खाली तेच ओढलं. आणि दर रविवारी आमची माणसं चर्चमधून थेट तिकडे जायची, उन्हातल्या आमच्या वेगळ्या बाकांवर दाटीनं बसायची, एझेल मॅब्री बाकावर बसलेला बघायला. स्टार्सच्या मैदानावर कुणी जाईना. पुढच्या वर्षी स्टार्स बंद पडले. त्याच वर्षी गोऱ्यांच्या संघानं डॅडींना पत्र पाठवून आभार मानले आणि घरी पाठवलं. न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणायचे, “एझेल, तू गेलास तो गेलास, आमचा रविवारही घेऊन गेलास.” गमतीत म्हणायचे. डॅडी हसायचे आणि केस अर्धे कापलेले असतानाच उठून यायचे. उरलेले ममा कापायची. नंतर सव्वीस वर्षं ते नळाच्या कारखान्यात होते. घरात बेसबॉलचा शब्द नाही, रेडिओवर सामना लागला तर बंद. एवढंच उरलं होतं की ओसरीवर चार खुर्च्या असताना ते पायरीवर उकिडवे बसायचे, तासन् तास, पंजांवर भार देऊन, जसं कुणीतरी समोरून काहीतरी टाकणार आहे.

मी त्यांना फेकताना एकदाच पाहिलं. तेव्हा नऊ वर्षांची होते. ममा लोकांचे कपडे धुवायची. आधी ती स्टार्सचे सगळे सदरे धुवायची, नंतर गोऱ्या घरांच्या चादरी. अंगणात दोरीवर कुणाच्या तरी लग्नाचा टेबलक्लॉथ वाळत होता, पांढरा, कडेला विणकाम, आणि एक मोकाट कुत्रा त्याचं टोक तोंडात धरून ओढायला लागला. ममा आतून धावली, मी ओरडले. डॅडी पायरीवर बसलेले. त्यांच्याजवळ धुण्याच्या साबणाची वडी होती. ते उठले नाहीत. बसल्या जागी हात कानामागे गेला आणि साबण सुटला, सरळ, दोरीएवढ्या उंचीवरून, आणि कुत्र्याशेजारच्या पत्र्याच्या बादलीवर असा बसला की चर्चची घंटा वाजावी. कुत्रा गेला तो त्या रस्त्यावर परत आला नाही. बादलीला पोचा पडला. ती बादली अजून माझ्याकडे आहे. ममा दारात उभी होती, तिनं फक्त “एझेल” म्हटलं, आणि डॅडींनी तो हात खिशात घातला, दुसऱ्याचं काही उचलताना सापडल्यासारखा. तो हात डावा होता. डावा होता हे मला एकोणचाळीस वर्षं माहीत होतं, जसं माझं नाव मला माहीत आहे. पण मंगळवारी दुपारपासून चौदा नंबरची बस दर चाळीस मिनिटांनी माझ्या दुकानाच्या काचेवरून जायला लागली. जाताना डॅडी, येताना डॅडी. ग्लोव्ह डाव्या हातात, उजवा पाठीमागे. मी खाली मान घालून शिवण उसवत बसायचे, तरी काच अंधारली की कळायचं. बुधवारी संध्याकाळी मी मुद्दाम डोळे मिटून अंगण आठवलं. दोरी, टेबलक्लॉथ, कुत्रा, पायरी. हात कानामागे गेला, आणि तो उजवा होता. मी परत सुरुवातीपासून आठवलं. उजवा. पायरीवर माझी जागा बदलून पाहिली, साबण त्यांच्या दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिला. कुत्रा तोच, बादली तीच, हात उजवा. एका माणसाचा एकच चेंडू मी जपून ठेवला होता, तोही यांनी दोन दिवसांत फिरवला. मला डीकनचा राग यायला हवा होता, पण खरा राग आला तो डॅडींचा. आणखी एकदा फेकायला काय झालं होतं? मी विचारलं का नाही म्हणून माझाही आला, पण तो राग जुना आहे, त्याला आता इस्त्री लागत नाही.

म्हणून गुरुवारी मिस्टर टलकडे गेले. रॉस्को टल, वय अठ्ठ्याऐंशी, स्टार्ससाठी चेंडू टाकायचे. बारा वर्षं त्यांनी टाकलेला प्रत्येक चेंडू डॅडींनी झेललेला. आता वृद्धांच्या आश्रमात असतात, खिडकीपाशी. शनिवारी त्यांना पहिल्या रांगेत बसवणार होते, म्हणून त्यांच्या सदऱ्याची कॉलर मी उलटवून शिवली होती. तेवढं निमित्त होतं जायला. मला पाहून ते म्हणाले, “ओझेला, सदरे वाळले का?” ओझेला म्हणजे ममा. मी म्हटलं, “वाळतायत अजून.” “रोज तुझं तेच! म्हणजे आज पुन्हा घरचेच घालून खेळायचं होय? लोक म्हणतील स्टार्स आले की शेतमजूर आले.” तेव्हा मला कळलं की फोटोत डॅडींच्या छातीवर संघाचं नाव का नाही. सदरे ममाच्या दोरीवर होते. नाव असतं तर फोटो फिरवल्याबरोबर अक्षरं उलटी झाली असती आणि डीकनसुद्धा थांबले असते. ममाचे सदरे त्या दिवशी वाळले असते तर! पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या आभाळावर चिडून काय करायचं, पण मी चिडले. समारंभाचं पत्रक त्यांच्या हातात दिलं, डॅडींचा फोटो वर. “ओळखलंत?” त्यांनी लांब धरलं, जवळ धरलं. “हा कोण?” “नीट बघा, मिस्टर टल.” “बघतोय की. चांगला आहे दिसायला. कोण हा?” “एझेल आहे.” “हॅ!” म्हणाले आणि पत्रक मागच्या टेबलावर औषधाच्या बाटलीला टेकवून उभं केलं, पाहुण्याला बसवावं तसं. मी आणलेला सदरा घातला त्यांना, कॉलर बसवली, आणि गिऱ्हाइकांना पाठ दाखवायचा माझा हातातला आरसा असतो तो समोर धरला. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. आणि मग त्यांचा चेहरा असा उघडला की मी घाबरलेच. “आलास होय!” ते आरशाला म्हणाले. “केव्हापासून वाट बघतोय. बस खाली, एझेल. आणि गुडघे वाजवू नकोस, फलंदाजाला कळतं.” मी वळून पाहिलं. मागे फक्त टेबल, बाटली, पत्रक. आरशात मात्र डॅडी सरळ बसले होते. ग्लोव्ह उजव्या हातात, डावा हात पाठीमागे, बटणं पुरुषांच्या बाजूला. मिस्टर टलनी मांडीवर दोन बोटं लांब केली, एक दुमडलं, पुढचा चेंडू कसा टाकू ते खुणेनं विचारलं, आणि आरशात पाहून मान डोलावली. त्यांना उत्तर मिळालं होतं. मी आरसा धरून उभी राहिले, हात भरून येईपर्यंत. माझ्या अंगणात साबण परत डाव्या हातात आला होता आणि तो तिथेच राहावा म्हणून मला आरसा खाली ठेवायचा नव्हता.

शुक्रवारी सकाळी डीकन पँट न्यायला आले तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांचं कौतुकच. मग म्हणाले, “सिस्टर, परवा मिस्टर टल मला ममा म्हणाले. मला. या मिशांसकट. मग मीही साक्ष देऊ का, की मी त्यांची आई आहे?” मला हसू आलं, त्यानं आणखी संताप आला. मी पत्रक काउंटरवर आपटलं आणि बटणांवर बोट ठेवलं. “मला सोडा, मिस्टर टलना सोडा. हे बघा. बायकांची बाजू. मूळ फोटोत ही पुरुषांच्या बाजूला आहेत. म्हणजे मूळ फोटो सरळ होता, तुम्ही तो उलटा केलात. फोटोवाल्यानं काच उलटी घातली असती तर बटणं आधीच उलटी दिसली असती.” डीकननी चष्मा काढला, पुसला, घातला. पत्रक पाहिलं. स्वतःच्या सदऱ्याची बटणं पाहिली. बराच वेळ पाहिली, देवासमोर उभं राहून आपलीच चूक शोधावी तशी. “तो घरी शिवलेला सदरा असेल,” ते हळूच म्हणाले. “ओझेलानं शिवलेला. घाईत लावली असतील बटणं.” माझी ममा! जिनं आयुष्यात कुणाच्या सदऱ्याचं बटण रेसभर सरकू दिलं नाही. डॅडींचा हात खोटा ठरवायचा तर आता ममाचा हातही खोटा ठरवायला लागत होता. “किंवा बायकोचाच घालून आला असेल,” ते पुढे म्हणाले, “स्टार्सवाले घाईत काहीही घालायचे,” आणि माझा चेहरा पाहून थांबले. मी म्हटलं, “डीकन, पुतळा वितळवा म्हणत नाही मी. समारंभ रद्द करा म्हणत नाही. पाटीवर एक ओळ टाका, की हा माणूस डाव्या हातानं फेकायचा. एकच ओळ. तुमच्याकडे त्यांच्यावर चौदा ओळी आहेत, त्यातल्या अकरा महापौरांच्या आहेत.” त्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. “बटणांचं मात्र तू खरं बोललीस,” ते म्हणाले. “मला कसं दिसलं नाही? अख्खं गाव हसलं असतं गं. शिल्पकार अजून इथेच आहे. उद्याच्या आत दुरुस्त करतो. वचन.” गेले तेव्हा पँट विसरून गेले, इतक्या लगबगीनं. त्या दिवशी चौदा नंबर काचेवरून गेली तेव्हा मी मान वर करून डॅडींकडे पाहिलं. म्हटलं, फिरा हवे तितके, उद्या अकराला संपतंय. निळा ड्रेस काढला, इस्त्री केली. ओळ कशी असेल याचा विचार करत राहिले. ‘तो डाव्या हाताचा कॅचर होता.’ किंवा नुसतंच, ‘डावखुरा.’ एक शब्दसुद्धा चालला असता.

शनिवारी ऊन होतं, बँड होता, कागदी पंखे होते, महापौर होते. मैदान तेच, आता आतल्या संघात निम्मी आमची मुलं आहेत आणि बाहेरच्या बाकांवर आमचं कुणी फारसं जात नाही, तिकडे जायचं ते वयच सरलं आमचं. पुतळ्यावर निळं कापड होतं, चौथऱ्यावरच्या पाटीवर वेगळा तुकडा. मिस्टर टल चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत, माझी कॉलर घालून. डीकन घामाघूम, शुक्रवारी विसरलेली पँट सकाळी सातला येऊन नेलेली. माझ्याकडे पाहून त्यांनी एक डोळा मिटला. चौथऱ्याशी जाऊन मी दोरी हातात घेतली. महापौर म्हणाले, आणि आता कन्येच्या हस्ते. मी ओढली. कापड खांद्यावर अडकलं, सुटलं, खाली आलं. टाळ्या. मी पाटीकडे पाहिलं. चौदा ओळी. परत मोजल्या नाहीत, नजरेनंच कळलं. मग पुतळ्याकडे पाहिलं. ग्लोव्ह डाव्या हातात, उजवा हात पाठीमागे, आणि सदऱ्यावर तीन बटणं, पुरुषांच्या बाजूला. नवी, पिवळी, चमकदार. डाव्या अंगाला, जिथे आधी होती तिथे, धातू घासून सपाट केल्याच्या तीन गोल खुणा, शिवण उसवल्यावर सुईची भोकं राहतात तशा. डीकन टाळ्या वाजवत माझ्या कानाशी आले. “बघितलंस? कारखान्यातला सगळ्यात चांगला वेल्डर लावला, अंधार पडेपर्यंत काम चाललं होतं. शिल्पकार पोरगी रडली, तरी करून घेतलं. तुझ्यामुळे, सिस्टर. तुझी नजर नसती तर कायमचा बाईचा सदरा राहिला असता त्याच्या अंगात.” त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मी तोंड उघडलं, आणि तोंडात टाचण्या असल्यासारखं झालं. “छान बसलीत बटणं,” मी म्हणाले. खोटं नव्हतं. माप अगदी बरोबर घेतलं होतं.

मी जाऊन मिस्टर टलच्या शेजारी बसले. महापौरांचं भाषण सुरू झालं होतं. मिस्टर टल पुतळ्याकडे बघत होते. “हा कोण?” त्यांनी मोठ्यानं विचारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी शू केलं. “पहिला आहे,” मी म्हटलं. “कशातला?” ते मलाही सांगता येईना. “कोण आहे गं हा, ओझेला?” त्यांचा आवाज आता चिडला होता, खालचा ओठ थरथरत होता, आपल्याला एवढ्या लांब आणून कुणा परक्यासमोर बसवलंय असं वाटणाऱ्या माणसाचा. महापौर थांबले, हसले, परत सुरू झाले. मग मी पर्समधून आरसा काढला. त्यांची खुर्ची वळवून पुतळा त्यांच्या पाठीशी आणला, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, हिरवळीवर, निळ्या इस्त्रीच्या ड्रेससकट, आणि आरसा धरला. तिरका केला, वर घेतला, जरा डावीकडे. त्यांची नजर आरशात शिरली, भिरभिरली, आणि थांबली. ओठ थांबला. त्यांनी एकदा पाहिलं, मग डोळे बारीक करून छातीपाशी पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं की बँडवाल्यांनी माना वळवल्या. “अरे एझेल!” ते ओरडले. “अरे येड्या! एवढी माणसं जमलीत, आणि बायकोचा सदरा घालून आलास?”